शेऱ्याचा रकाना

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

महाल भागात मंडळाची बैठक झाली. आमच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं अखिल भारतीय अधिवेशन यंदा कलकत्त्याला आहे, २० आणि २१ डिसेंबरला. नागपूर शाखेतून पाच जण जायचे. नानाजींनी नावं वाचली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, तिकिटं आणि राहायचं वामनराव पाहतील. हे वाक्य नऊ वर्षं ऐकतो आहे. भोपाळ, जयपूर, हैदराबाद, पुन्हा भोपाळ. कोणाला खालचा बर्थ, कोणाला कमोड, कोणाला लसूण चालत नाही, सगळं वामनराव भोयरांनी लक्षात ठेवायचं. घरचं खाऊन लष्करच्या भाकरी भाजायच्या आणि वर बोलणी खायची. मंचावर बसायची वेळ आली की खुर्च्या भरलेल्या असतात.

पाच जण असे: अध्यक्ष म्हणून नानाजी, आमच्या पाटबंधारे खात्यातले निवृत्त उपअभियंता. खजिनदार गोपाळराव. धर्मेंद्र, जो सगळ्यांत शेवटी निवृत्त झाला म्हणून आमच्यात तरणाबांड. मी. आणि धम्मानंद गजघाटे, आमच्या ऑफिसचा आरेखक. एकतीस वर्षं त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. यंदा तो अधिवेशनात बोलणार आहे. कालव्यावर रोजंदारीने राबलेल्या मजुरांच्या चौदा विधवांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही, त्यावर चार वर्षं हा माणूस कागद जमवत हिंडतो आहे. उमरेड, भिवापूर, कुठे कुठे. बायकांचे अंगठे घेऊन येतो.

जिना उतरताना नानाजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "औंदा तुमचं नाव केंद्रीय कार्यकारिणीत टाकतो, वामनराव. फक्त सगळे खूश राहिले पायजेत."

घरी येऊन प्रेमलताला सांगितलं. ती म्हणाली, हे त्यांनी भोपाळलाही म्हटलं होतं. बायकोची स्मरणशक्ती नको तिथे चालते.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं वाटलं, पाय दुखले. आज दीक्षाभूमीवरही गर्दी. गजघाटे दरवर्षीप्रमाणे तिथे बाहेरगावच्या लोकांना जेवण वाढायला. दरवर्षी मला बोलावतो, ये गा एकदा. जायचं असतं, पण दसरा असतो आणि गर्दी असते. पुढच्या वर्षी बघू.

१९ ऑक्टोबर, रविवार

साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं. पावणेआठलाच कॉम्प्युटरसमोर बसलो. घरात फराळाचा घाणा चालू आणि प्रेमलता दर दोन मिनिटांनी विचारते, झालं का?

यात एक मेख आहे, ती मंडळात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. म्हाताऱ्यांच्या कोट्यातला खालचा बर्थ हवा असेल तर एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त नावं चालत नाहीत. पाच जणांचं एकत्र काढलं तर पाचही जण वर लटकतात. म्हणून मी जोड्या लावतो. गोपाळराव-धर्मेंद्र एक तिकीट, मी-गजघाटे एक, नानाजी अध्यक्ष म्हणून स्वतंत्र. आठ वाजून सहा मिनिटांनी पाचही खालचे बर्थ हातात. १८ डिसेंबरला निघायचं, १९ ला पोचायचं.

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं. नानाजींनी पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. धर्मेंद्रने विचारलं, एसी टू का नाही काढलं? या माणसाने आयुष्यात स्वतःचं एक तिकीट काढलेलं नाही. गजघाट्याने मात्र फोन केला. "वामन, तूच काढू शकतं गा हे." बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२ नोव्हेंबर, रविवार

राहण्याची व्यवस्था. अधिवेशनवाल्यांनी सहा लॉजची यादी पाठवली, त्यातले दोन बंद पडलेले. सियालदहजवळच्या एकाशी बोललो. मालक हिंदी बोलतो, पण बंगालीतच रागावतो. तळमजल्यावर दोन खोल्या, प्रत्येकी दोन खाटा, कमोड आहे. तिसरी, एका माणसाची, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिन्ही धरून ठेवा म्हणालो. नानाजींना एकट्याची खोली लागते, पण ते तिसरा मजला चढणार नाहीत. मालकाला म्हटलं, ती खाली आण. तो म्हणाला, खोली कशी खाली आणू? तेही खरंच.

आता तिकिटाच्या जोड्याच खोल्यांना लावतो, वरची तूर्त नानाजींच्या नावावर. मी आणि गजघाटे एकत्र राहू. तो घोरत नाही, पहाटे उठून शांत बसतो. आमचं पहिल्यापासून जमतं. ऑफिसात दुपारचा डबाही एकत्रच खायचो. माझ्या डब्यातली भाजी रोज त्याच्या ताटात जायची, प्रेमलताच्या हातची वांगी त्याला फार आवडत. त्याच्या डब्यातलं मी घेत नसे. मला तिखट सोसत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

गजघाट्याकडे गेलो होतो, उत्तर नागपुरात, इंदोऱ्याला. भाषण वाचून दाखवलं त्याने. हिंदीत लिहिलं आहे, आठ मिनिटांचं. चौदाही बायकांची नावं त्यात आहेत. मी म्हटलं, नावं काढ, वेळ जाईल. तो म्हणाला, नावासाठीच तं चाललो.

निघताना त्याची बायको, गौतमीवहिनी, फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, पहाटे यांची साखर उतरते. घाम फुटतो, बोलणं अडखळतं, आणि यांना स्वतःला ते कळत नाही. कोणी चमचाभर साखर पाण्यात घालून पाजली की पाच मिनिटांत नीट. ऑगस्टमध्ये दोनदा झालं. "तुम्ही खोलीत आहात म्हनून मी जाऊ देऊन राहिली, भाऊजी. एकटं नका ठेवजा त्याईले."

मी म्हटलं, वहिनी, निश्चिंत राहा. पुड्या मीच खिशात ठेवतो. चहा घ्या म्हणत होत्या, पण मला उशीर झाला होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

नानाजींचा फोन. म्हणाले, मला एकट्याची खोली नको. "आपन दोघं एका खोलीत राहू. संध्याकाळी बंगालवाले, ओडिशावाले भेटाले येतीन. तुमचं नाव तिथंच पक्कं होते, मंचावर नाही."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? अध्यक्ष स्वतःहून सांगतो आहे.

मग फोन ठेवल्यावर आठवलं की गजघाटे आता कुठे जाणार. नानाजींना परत फोन केला, त्याच्या साखरेचं सांगितलं. म्हटलं, खाली आणखी एक खाट टाकून आपण तिघं राहू. ते म्हणाले, बाहेरच्या राज्यातले लोक येतील, त्यात जुन्या विचाराचे पुष्कळ असतात, उगाच कोणाला अवघडल्यासारखं नको व्हायला. "मले काही नाही गा. मी असं मानत नाही. पन तुमच्या नावाचा सवाल आहे."

त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे. ते तसे मोकळ्या मनाचे आहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गोपाळरावांकडे गेलो. म्हटलं, धर्मेंद्र एकट्याच्या खोलीत जाईल, तुम्ही गजघाट्यासोबत राहा. गोपाळराव पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, माझी देवाची डबी सोबत असते. सकाळी सोवळ्यात पूजा असते. त्या खोलीत कसं जमेल? मी म्हटलं, धर्मेंद्र खोलीत असताना जमतं ना? तो कधी आंघोळ करतो हे मला हैदराबादपासून माहीत आहे. ते म्हणाले, त्याची गोष्ट वेगळी आहे.

माणसाचं वय त्र्याहत्तर. आता काय बोलणार? त्यांच्या घरी जन्मभर हेच चालत आलं. मी काही त्यांना सुधारायला गेलो नव्हतो, खोली वाटायला गेलो होतो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

धर्मेंद्र म्हणाला, गजघाटे घोरतात. मी म्हटलं, घोरत नाहीत. तो म्हणाला, त्या वयात सगळे घोरतात. मी म्हटलं, मग गोपाळराव? तर म्हणाला, "काका, समजून घ्या ना आता, काहून खोलात जाता?" आणि मोबाईल कानाला लावला. फोन वाजलाही नव्हता.

संताप आला. या लोकांच्या पायी मी दारोदार फिरायचं. गजघाट्यालाही साखर यंदाच व्हायची होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

निर्णय घेतला. गजघाटे एकट्याच्या खोलीत, तिसरा मजला. त्याला भाषणाची तयारी करायला निवांतपणा मिळेल. पहाटे मी पाच वाजता फोन लावीन. उचलला नाही तर वर जाईन. गुडघे आहेत तोवर जाईन.

फोनवर त्याला असंच सांगितलं, की वक्ता म्हणून तुला स्वतंत्र खोली दिली आहे. मानाची. तो म्हणाला, नानाजींची होती ना ती? मी म्हटलं, त्यांनी तुझ्यासाठी सोडली.  तो म्हणाला, "मले खोली कशीबी चालते, वामन. फक्त एकटं नको ठेवू म्हटलं होतं गौतमीनं."

मी पाच वाजताच्या फोनचं सांगितलं. तो बरं म्हणाला.

प्रेमलताने ऐकलं असावं. जेवताना म्हणाली, गजघाटे भाऊजी वर आणि तुम्ही खाली? मी तिला म्हटलं, तुला अधिवेशनातलं काय कळतं? ती उठून गेली. आजकाल या घरात सरळ उत्तर कोणी देत नाही. भाजीही अळणी होती. ठेचा घेऊन जेवलो.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रवासाचा तक्ता केला. नाव, वय, डबा, बर्थ, खोली, औषध, घरचा फोन आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना नसलेलं रजिस्टर मी आयुष्यात तयार केलेलं नाही. नंतर कोणी विचारलं की अमुक असं का केलं, तर कागद बोलला पाहिजे. मी ऑफिसात पोरांना सांगायचो, रकाना रिकामा ठेवू नका. काही नसेल तर निरंक लिहा.

कच्चा तक्ता पाकिटात घालून गजघाट्याच्या घरी ठेवून आलो. तो नव्हता, वहिनींकडे दिला. ही आमची जुनी पद्धत. कच्चं माझं, पक्कं त्याचं. त्याच्या अक्षरासारखं अक्षर आख्ख्या खात्यात नव्हतं. मोठे साहेब दौऱ्यावर निघाले की त्यांचा कार्यक्रम गजघाट्याच्याच हातचा जायचा. एकतीस वर्षांत माझ्या हातचा कागद मी परत वाचायला थांबलो नाही आणि त्याने एक काना चुकवला नाही.

डोक्यावरचं ओझं उतरलं. आता जॅकेट ड्रायक्लीनला टाकायचं.

८ डिसेंबर, सोमवार

तक्ता अजून आला नाही. फोन केला तर म्हणाला, सहा डिसेंबरच्या धावपळीत राहिला, देतो. आवाज नेहमीसारखाच. नानाजी म्हणाले, ओडिशावाल्यांशी बोलणं झालं, तुमच्या नावाला हरकत नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे गावभर रस्ते अडवलेले. सीताबर्डीहून नंदनवनला यायला सव्वा तास लागला.

१३ डिसेंबर, शनिवार

नीट लिहून काढतो, कारण उद्या मला यातलं काही वेगळं आठवेल.

चार वाजता गजघाटे आला. चपला दाराबाहेर काढून खुर्चीच्या कडेवर बसला. पाठीला पिशवी. प्रेमलता चहा ठेवते म्हणाली तर नको वहिनी म्हणाला. पाकिटातून तक्ता काढून माझ्यापुढे टीपॉयवर पसरला.

काय अक्षर होतं! रुळाने आखलेल्या रेघा, काळी शाई, मथळा लाल. मी म्हटलंसुद्धा, वा गजघाटे, हात अजून तसाच आहे. मी डावीकडून वाचत गेलो. नाव, वय, डबा, बर्थ. मग उजवीकडे, शेऱ्याच्या रकान्यात पोचलो.

मी त्याला कच्चा कागद जसाच्या तसा दिला होता. त्या वेळी शेऱ्याचा रकाना माझ्या डोक्यातच आला नाही. पक्कं करायला दिलं, एवढंच डोक्यात. आणि त्याने शब्द न् शब्द उतरवला होता.

नानाजी: 'बाहेरील पाहुणे येणार. श्री. गजघाटे खोलीत नकोत. मजसोबत राहतील.'

गोपाळराव: 'सोवळे. श्री. गजघाटे यांचेसोबत राहण्यास नकार.'

धर्मेंद्र: 'घोरण्याचे कारण सांगितले. खरे कारण वेगळे. नकार.'

गजघाटे: 'एकटे, तिसरा मजला. प्रकृतीचे कारण आहे, तथापि इलाज नाही. त्यांची हरकत नसावी असे गृहीत.'

हे सगळं माझं. भाषा माझी, तथापि माझं, गृहीतही माझं. त्याच्या अक्षरात ते जास्तच स्वच्छ दिसत होतं.

मी बोलायला लागलो. काय बोललो ते धड आठवत नाही. म्हटलं की मी प्रत्येकाच्या दारात गेलो, तुझ्यासाठीच गेलो. हे लोक कसे आहेत तुला ठाऊकच आहे. मी नुसती नोंद घेतली. तो ऐकत होता. मान हलवत होता, ऑफिसात साहेबाचं ऐकताना हलवायचा तशी. शेवटी त्याने खिशातून पेन काढलं आणि तक्त्यावर बोट ठेवलं.

"तुह्या नावापुढं शेरा नाही. रकाना रिकामा ठेवू नये म्हनतं तूच. काय लिहू?"

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "निरंक लिही."

त्याने लिहिलं. निरंक. त्याच वळणदार अक्षरात. मग खाली आडवी रेघ मारून ऑफिसात लिहायचो तसं लिहिलं, 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल', आणि सही केली. तारीख घातली.

मग म्हणाला, माझं तिकीट रद्द कर. मी म्हटलं, असं करू नको, मी नानाजींना सांगतो, मी वर येतो तुझ्यासोबत. तो म्हणाला, "हे तू तेवीस तारखेले फोनवर म्हनाले पायजे होतं गा. आता कागद झाला." तिकीट माझ्या खात्यावरून काढलेलं, त्यामुळे रद्दही मलाच करावं लागलं. पडद्यावर दोन नावं आली, ज्याचं रद्द त्याच्यापुढे खूण करा म्हणून. त्याने शेजारी उभं राहून पाहिलं. खूण केली. झालं.

जाताना पिशवीतून भाषणाची फाईल काढून दिली. चौदा अंगठे, सेवापुस्तकाच्या नकला, सगळं लावलेलं. "बायांचं काम अडू नये. तू वाच. तुले हिंदी बरी येते."

फाटकाबाहेर जाईपर्यंत मी उभा होतो. स्कूटर दोन-तीन किकांत सुरू झाली. आत आलो तर प्रेमलता तक्ता वाचत होती. वाचून झाल्यावर तिने तो टीपॉयवर ठेवला, वर काचेचा पेपरवेट ठेवला आणि आत गेली. एक अक्षर बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

मला त्याचा रागही आला आहे. इतकी वर्षं ओळखतो, तर समजून घ्यायला नको होतं? कच्चा कागद कच्चाच असतो. त्याने तो रकाना गाळला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण त्याने आयुष्यात काही गाळलं नाही, हेही मला माहीत होतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार, गाडीत

माझ्यासमोरचा खालचा बर्थ त्याचा होता. तिथे दुर्गला चढलेला एक व्यापारी झोपला आहे. नानाजींनी विचारलं होतं, गजघाटे का नाही आले? मी म्हटलं, साखर. सगळ्यांनी च्‌च्‌ केलं. गोपाळराव म्हणाले, तब्येत पहिली. धर्मेंद्र म्हणाला, मग ती वरची खोली सोडून द्या ना, लॉजवाल्याला कळवा. कळवलं.

प्रेमलताने दिलेला ठेचा मी एकट्याने संपवला. बाकीच्यांना झेपत नाही.

साखरेच्या पुड्या शर्टाच्या खिशात तशाच होत्या. आज हात गेला तेव्हा लागल्या.

२१ डिसेंबर, रविवार, कलकत्ता

झालं. दोन्ही झालं.

दुपारी अडीचला नागपूर शाखेचं नाव पुकारलं. मी फाईल घेऊन उठलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मंचावर. सभागृहात पाचेकशे माणसं, अर्धी जेवून पेंगलेली. मी वाचायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला पेंगणारे सरळ बसले. मी एकेका बाईचं नाव घेत होतो, तिच्या नवऱ्याने किती वर्षं कुठल्या कालव्यावर काम केलं, तो कधी मेला, तिला काय मिळालं. चौदा नावं. मी ती काढायला सांगितली होती. त्या नावांनीच सभा हलली. शेवटी टाळ्या थांबेनात. ठराव तिथल्या तिथे मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला. सरकारकडे प्रतिनिधिमंडळ जाणार.

संध्याकाळी कार्यकारिणी जाहीर झाली. वामनराव भोयर, नागपूर. ओडिशाचे एक गृहस्थ मिठी मारून म्हणाले, क्या अभ्यास है आपका! नानाजी शेजारीच होते. म्हणाले, आमचे वामनराव फार कष्टाळू.

भाषण गजघाट्याने तयार केलं आहे हे मी शेवटी सांगणार होतो. सुरुवातीला सांगितलं तर लोक विचारतात, मग ते कुठे आहेत? म्हणून शेवटी. कागदाच्या खाली पेन्सिलने त्याचं नाव लिहूनही ठेवलं होतं. पण आठ मिनिटं झाली आणि घंटा वाजली. घंटा वाजल्यावर बोलू देत नाहीत. तसा नियम आहे.

खोलीत दिवसभर पाहुण्यांची रीघ होती. मी सगळ्यांना चहा मागवला. आनंद व्हायला पाहिजे होता.

२४ डिसेंबर, बुधवार

परत. गटावर अभिनंदनाचे साठ-सत्तर निरोप. धर्मेंद्रने भाषणाचा व्हिडिओ टाकला होता एकवीसलाच. त्याखाली हार, फुलं, हात जोडलेले. गजघाट्याचं काही नाही. गटातून बाहेरही पडलेला नाही. प्रेमलताने ओवाळलं वगैरे नाही. जेवायला वाढलं.

२७ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस टाळलं, आज गेलो इंदोऱ्याला. ठरावाची प्रत आणि फाईल द्यायची होती. रस्ताभर काय बोलायचं ते ठरवत होतो. दोन वाक्यं पाठ केली होती.

गजघाटे घरी नव्हता. भिवापूरला गेला होता, त्या बायकांना ठरावाचं सांगायला. म्हणजे त्याला कळलं होतं. गौतमीवहिनी फाटकाशी आल्या. फाईल घेतली, ठराव उभ्या उभ्या वाचला, डोळ्यांना पदर लावला. फार बरं झालं म्हणाल्या. माझ्या निवडीचं अभिनंदनही केलं. तक्त्याचं त्यांना काही ठाऊक नसावं. त्याने सांगितलेलं नाही. साखर वाढली म्हणून नाही गेलो, एवढंच त्यांना माहीत.

मी निघणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊजी, तो व्हिडिओ पाह्यला आम्ही. तुम्ही मस्त बोलले. फक्त याईचं नाव नाही ऐकू आलं. हे म्हनले, वामन घेतल्याशिवाय राहनार नाही, शेवटी घेतलं असन, तेवढाच कटला असन."

माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही संशय नाही. नुसतं ऐकायचं होतं त्यांना.

मी म्हणालो, "हो वहिनी, कटला."

त्यांनी सुटल्यासारखा श्वास घेतला. या, चहा घेऊन जा म्हणाल्या. आज मी आत गेलो. बसलो, चहा घेतला, सोबत दिलेली शेवही खाल्ली. शेजारची बाई आली तर तिलाही वहिनींनी सांगितलं, कलकत्त्याच्या सभेत नाव घेतलं म्हने याईचं, सगळ्याइसमोर. ती बाई माझ्याकडे पाहून हसली. मीही हसलो.

व्हिडिओ पूर्ण आहे. आठ मिनिटं बावीस सेकंद. शेवटी घंटा वाजते ती ऐकू येते, आणि त्यानंतर मी अकरा सेकंद माईकसमोर उभा राहून धन्यवाद, धन्यवाद म्हणतो, तेही ऐकू येतं.